शेतसारा आणि देशभक्ती : टिळकांच्या लेखनाची कसोटी



लोकमान्यांच्या देशभक्तीबद्दल बोलताना आपण सहसा १९०८ चा खटला आणि मंडाले इथून सुरुवात करतो. मी १८९६ च्या दुष्काळापासून करतो, कारण आणेवारी, म्हणजे पिकाचा सरकारी अंदाज, आमच्या बार्शी तालुक्यात कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या वर्षी पावसाने दगा दिला, खरीप गेला, रब्बीही बुडाली. सरकारचा दुष्काळी कायदा होता. पीक बुडाले तर साऱ्यात सवलत, उपाशी माणसाला काम, असे त्यात लिहिलेले होते. पण रयतेला त्याचा पत्ता नव्हता. टिळकांनी पुण्याच्या सार्वजनिक सभेमार्फत त्या कायद्याचा मराठी मजकूर गावोगाव पोचवला आणि ‘केसरी’तून त्याचा अर्थ उलगडून सांगितला. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने सारा जरूर भरावा. ज्याच्याजवळ नाही त्याने सरकारी अंमलदाराच्या धाकाने घरातली चीजवस्तू विकू नये. बाजार लुटू नका, कलेक्टराकडे जाऊन काम मागा, ते देणे त्याचे कर्तव्य आहे, असेही त्यांनी बजावले.

या लेखनातली नीती नीट पाहावी. त्यात ऐपतदाराला सूट नाही, लुटीला माफी नाही आणि भित्रेपणाला सहानुभूती नाही. बैल विकून सारा भरणारा शेतकरी पुढच्या मृगात पेरणार कशाने, हा प्रश्न टिळकांच्या हिशेबात राजद्रोहाचा नव्हताच. पण तो हक्काने विचारायला धैर्य लागते, आणि टिळक ते धैर्य शिकवत होते. सोलापूरच्या विणकरांची दैना कळताच ते तिथे गेले, स्थानिक पुढाऱ्यांशी बोलून मदतीची योजना आखली. सरकारने ती नाकारली. मागावरचा कसबी हात एकदा दुष्काळी कामावर खडी फोडण्यात गेला की दुष्काळ सरल्यावरही घर सावरत नाही. पुढे १८९७ मध्ये सरकारने सार्वजनिक सभेची मान्यताही काढून घेतली. दुबळ्याला त्याचा हक्क कळवणे आणि त्याची किंमत स्वतः मोजणे, ही माझ्या मते त्यांच्या देशभक्तीची खरी कसोटी आहे.

यावर पहिला आक्षेप असा की, राजकारण साधूंचे नव्हे, संसारी माणसांचे, असे टिळकांनीच १९२० मध्ये गांधीजींना सुनावले. मग नीतीची भाषा कशाला? पण माणसाचे सूत्र आणि वर्तन शेजारी ठेवून पाहावे. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात माफी मागून सुटका करून घेण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही, आणि दीड वर्षाची सक्तमजुरी स्वीकारली. लिहिलेल्या शब्दाची जबाबदारी घेणे ही नीतीच आहे.

दुसरा आक्षेप जड आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा १० वरून १२ वर नेणाऱ्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला. परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, हा त्यांचा युक्तिवाद होता. मात्र ज्या घरात दहा वर्षांची मुलगी भरडली जाते, तिथे सर्वांत दुबळी तीच असते. पाचच वर्षांनी त्यांनी रयतेसाठी सरकारच्याच कायद्याचा आधार घेतला. मुलीसाठी तो घ्यायला ते तयार नव्हते. इथे टिळक स्वतःच्या कसोटीला उतरले नाहीत, आणि त्या विधेयकाची बाजू घेणारा आगरकरांचा ‘सुधारक’ उतरला. हे मान्य केल्याने टिळक लहान होत नाहीत. त्यांनी दिलेले माप त्यांच्यासकट सर्वांना लावता येते, एवढेच सिद्ध होते.

म्हणून आजचा कोणताही देशभक्तीचा लेख हाती आला की एक प्रश्न विचारावा : हे वाचून सगळ्यात दुबळ्या माणसाच्या हाती काय आले? दुष्काळात ‘केसरी’ ऐकणाऱ्या रयतेच्या हाती तिचा हक्क आला होता. परकी सत्ता गेली, आणेवारीचा कागद राहिला. त्याचा अर्थ शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत, न भिता सांगणे हे देशकार्य आजही शिल्लक आहे.