संगणकाच्या चिपची मर्यादा : अणूच्या आधी उष्णता

वैयक्तिक संगणकाच्या हार्डवेअरचे भवितव्य काय, असा प्रश्न आला की उत्तराची सुरुवात बहुधा मूरच्या नियमाने होते आणि शेवट ‘सिलिकॉनच्या अणूपाशी प्रगती थांबेल’ या वाक्याने. हे उत्तर चुकीचे नसले तरी अपुरे आहे. मेजावरच्या संगणकाला पहिली मोठी मर्यादा आडवी आली ती उष्णतेची, आणि तीही भविष्यात नव्हे, तर २००४ सालीच.

मुळात मूरचा नियम हा निसर्गनियम नाही. सर्वांत किफायतशीर खर्चात एका चिपवर बसवता येणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल, असा अंदाज गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडला. १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. यातला ‘किफायतशीर’ हा शब्द परीक्षार्थींच्या टिपणांतून हमखास गळतो. शिवाय या अंदाजात वेगाची हमी कोठेही नव्हती.

वेगाचे रहस्य दुसरीकडे होते. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की, ट्रान्झिस्टर जितका लहान करावा तितकाच विद्युतदाबही कमी केला, तर तेवढ्याच जागेत अधिक ट्रान्झिस्टर बसतात, ते अधिक वेगाने चालतात आणि तरीही एकूण वीज वाढत नाही. जणू फुकटचा लाभ! १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याचा क्लॉक वेग ७४० किलोहर्ट्झ होता. २००४ मधील पेंटियम-४ हा ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचला. म्हणजे वेग पाच हजार पटींहून अधिक वाढला.

हा लाभ नेमका तेथेच संपला. विद्युतदाब एक व्होल्टच्या आसपास आल्यावर तो आणखी उतरवणे कठीण होते, कारण मग ट्रान्झिस्टर पूर्णपणे ‘बंद’ होत नाही. गळक्या नळासारखा त्यातून प्रवाह झिरपत राहतो. त्यातच ट्रान्झिस्टरच्या गेटखालचा विद्युतरोधक थर १.२ नॅनोमीटर इतका, म्हणजे मोजक्या अणूंच्या जाडीचा झाला होता आणि इलेक्ट्रॉन त्यातून आरपार निसटू लागले होते. अणूची अडचण आली खरी, पण ती आली उष्णतेचे रूप घेऊन. चिपला लागणारी वीज विद्युतदाबाच्या वर्गाच्या आणि क्लॉक वेगाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे दाब कमी न करता वेग वाढवणे म्हणजे चिप तापवणे. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम-४ ची योजना सोडून दिली. २००७ मध्ये हाफ्नियमयुक्त थर वापरून ही गळती बरीच आटोक्यात आणली गेली, तरी वेगवाढीचा जुना काळ परतला नाही.

त्यावरचा उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक गाभे. २००५ पासून दोन गाभ्यांचे प्रोसेसर घरगुती संगणकांत आले. ही कल्पना भारताला नवी नव्हती. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये सादर केलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाचे अनेक प्रोसेसर समांतर जोडूनच उभारला होता. मात्र समांतर कामालाही मर्यादा असतेच. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादानुसार, कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागून एक असाच करावा लागत असेल, तर कितीही गाभे जोडले तरी वेग दहापटींपुढे जात नाही. म्हणजे हार्डवेअरच्या मर्यादेचा भार आज्ञावली लिहिणाऱ्यावर येऊन पडला.

दुसरी अडचण अंतराची. ४ गिगाहर्ट्झच्या एका ठोक्यात प्रकाशदेखील जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. मुख्य स्मृतीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसरचे शेकडो ठोके वाया जाऊ शकतात. म्हणून स्मृती प्रोसेसरच्या शेजारी आणण्याकडे कल आहे. २०२० मध्ये आलेल्या अॅपलच्या एम-१ मध्ये दोन्ही एकाच आवरणात आहेत. मोठ्या चिपचे लहान तुकडे करून ते जोडण्याची पद्धतही रुळली आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. ‘३ नॅनोमीटर’ चिपमधील दोन शेजारच्या गेटमधले अंतर प्रत्यक्षात सुमारे ४५ ते ५० नॅनोमीटर असते. ३ हा आकडा पिढीचे नाव आहे, माप नव्हे. सिलिकॉनच्या स्फटिकाचा एकक घन सुमारे ०.५४ नॅनोमीटरचा असतो. अणूची भिंत अजून गाठलेली नाही, ती याच अर्थाने.

मग आज अडते कोठे? खर्चाशी. अतिसूक्ष्म रेषा कोरण्यासाठी १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो आणि त्याची यंत्रे व्यापारी स्तरावर पुरवणारी कंपनी एकच आहे : नेदरलँडमधील एएसएमएल. भारताच्या धोरणाचा विचारही याच संदर्भात करावा लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातमधील धोलेरा येथील टाटा समूह आणि तैवानच्या पीएसएमसी यांच्या प्रकल्पाला मान्यता मिळाली. तेथील २८ नॅनोमीटरचे तंत्र ‘जुने’ म्हणून हिणवले जाते. परंतु ती साध्या, सपाट ट्रान्झिस्टरची जवळपास शेवटची पिढी आहे आणि वाहने, दूरसंचार, वीज-नियंत्रण यांना ती पुरते. मेजावरच्या संगणकाचा अत्याधुनिक प्रोसेसर त्या तंत्रावर घडणार नाही, हेही तितकेच खरे. त्याच्या आराखड्याचा सराव मात्र आयआयटी मद्रासच्या ‘शक्ती’ आणि सी-डॅकच्या ‘वेगा’ या प्रोसेसरांवर देशात सुरू झाला आहे.