बिऱ्हाड हलवताना

मैत्रिणींनो,

परदेशी बिऱ्हाडं हलवण्याची नोकरी आणि डोंगरांचं वेड कसं जमतं, असं तुम्ही विचारलंत. खरं तर जमवावं लागतं. समाजकार्यात एम.ए. करून मी या कामात शिरले तेव्हा आपल्यातल्याच काहीजणींनी नाकं मुरडली होती.

बदली बहुधा नवऱ्याची. घर, शाळा, कागदपत्रं मी पाहते. अमेरिकेच्या एच-४ व्हिसावर बायको 'अवलंबित'. २०१५ पर्यंत तिला तिथे नोकरीची परवानगीच नव्हती. त्यानंतर मिळू लागली, तीही नवऱ्याचं ग्रीनकार्डचं प्रकरण ठराविक टप्प्याला पोचलं असेल तर. इथली बँक अधिकारी तिथे डबे भरते. म्हणून मी बाईला एकटीला भेटतेच. पासपोर्ट कोणाजवळ? खातं कोणाच्या नावावर? नवरे चिडतात, चिडोत.

रविवारी मी गडावर. पुरुष गेला तर छंद, मी गेले तर घर टाकून गेले! मध्यंतरी न्यूजर्सीला निघालेली एकजण माझ्याबरोबर राजगडला आली. बालेकिल्ल्याच्या खड्या चढणीवर पाय लटपटले, पण चढली. वर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, पासपोर्ट ह्यांच्या कपाटात आहे. घरी गेल्यावर मागते."