नकाशा मागा, पण गिरवून घ्या



'तू कॉम्प्युटरवर नेमकं करतेस तरी काय?' असं सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं. म्हणून आज माझ्या एका चुकीची गोष्ट सांगते.

समजा, एक कर्जखातं आहे. प्रोग्राममध्ये त्याची माहिती एका 'ऑब्जेक्ट'मध्ये बंद ठेवतात. वाचायची तर 'गेटर'कडे मागायची, बदलायची तर 'सेटर'ला सांगायचं. नोकरीच्या सुरुवातीला मी प्रत्येक माहितीला डोळे मिटून दोन्ही जोडायची. म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली कडीलाच टांगायची!

हप्त्याच्या तारखेचा गेटरही मी असाच लिहिला. जावा भाषेतला जुना 'डेट' हा प्रकार बदलता येतो, आणि माझा गेटर प्रत न देता मूळ तारीखच हवाली करत होता. एका सहकाऱ्याने अहवालात दाखवण्यापुरते तिच्यात सात दिवस मिळवले. झालं! खात्यातली तारीखच पुढे सरकली आणि तशीच साठवली गेली. जितके अहवाल, तितके आठवडे.

भर मीटिंगमध्ये मी त्या मुलाला दोष दिला. दोन दिवसांनी कळलं, चूक माझी होती.

तेव्हा आपले भूगोलाचे सर आठवले. भिंतीवरचा नकाशा ते कधी हाती देत नसत. 'ट्रेसिंग पेपरवर गिरवून घे, मग हव्या तिकडे नद्या वळव,' म्हणायचे. मी गेटरमधून तारखेची प्रत द्यायला लागले. पुढे २०१४ मध्ये जावा ८ आली, तिच्यात न बदलणाऱ्या तारखाच मिळाल्या.

सेटरचा धडा ग्रंथालयाच्या बाईंचा. पुस्तक कपाटातून काढलं की रजिस्टरात नोंद झालीच पाहिजे. एक झालं नि दुसरं राहिलं, हे त्यांना चालत नसे. म्हणून आता खात्याला 'शिल्लक बदल' असा सेटर मी ठेवतच नाही. 'हप्ता जमा कर' एवढंच सांगता येतं. रक्कम तपासणं, शिल्लक कमी करणं, नोंद करणं, सगळं खातं एकदम करतं.

त्या सहकाऱ्याची माफी मी पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मागितली. चूक फळ्यावर केली तर फळ्यावरच दुरुस्त करायची, हेही इथेच शिकले होते.