तूर विकताना : हमीभाव केंद्र की खेडा खरेदी?
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



तूर पिकविण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. आज ती विकण्याबद्दल थोडे बोलू.

२०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांपर्यंत गेली. पुढच्या खरिपात आपण पेरा वाढविला, पाऊसही बरा झाला आणि २०१६-१७ मध्ये विक्रमी तूर आली. बोनससह हमीभाव क्विंटलला ५०५० रुपये होता. बाजारात भाव त्याच्या बराच खाली उतरला. केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. २२ एप्रिल २०१७ रोजी खरेदी थांबली तेव्हा अनेक केंद्रांबाहेर माल तसाच पडून होता. पुढे बाजार हस्तक्षेप योजनेखाली पुन्हा खरेदी करावी लागली. स्वस्तात घेतलेली तूर काही व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावर केंद्रात घातल्याच्या तक्रारीही झाल्या. आपला सातबारा दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हे यासाठीच सांगतो.

मग व्यापारी लुटारू आणि केंद्र तेवढे चांगले, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. खेडा खरेदीवाला दारात येतो, ओली-सुकी सगळी घेतो, पैसे रोख देतो, अडीनडीला उचलही देतो. त्या सोयीची किंमत तो भावात आणि कडत्यात कापून घेतो. ती किती, हे मात्र आपण मांडून पाहत नाही.

समजा, आपल्याकडे १४ टक्के ओलाव्याची १० क्विंटल तूर आहे. केंद्रावर १२ टक्क्यांपर्यंतच चालते. वाळविल्यावर ती सुमारे ९ क्विंटल ७७ किलो भरेल. ५०५० च्या भावाने ४९,३०० रुपयांच्या वर होतात. व्यापाऱ्याने ४२०० ने घेतली तर ४२,०००. फरक सात हजारांवर. त्यातून गाडीभाडे, चाळणी, हमाली वजा करा. पैसे दोन महिने उशिरा आले आणि तेवढ्यासाठी शेकडा दोनने सावकाराकडून काढावे लागले, तर ४२,००० वर आणखी १६८० गेले. तरीही बरेच उरते. मात्र केंद्र वेळेवर उघडले आणि आपला नंबर लागला, तरच!

ही अडचण आपल्याकडेच आहे असेही नाही. आफ्रिकेतील मलावी देशात १९७१ पासून अॅडमार्क हे सरकारी महामंडळ मका घेते. त्याची केंद्रे उशिरा उघडली की गरजू शेतकरी गावोगाव फिरणाऱ्या खरेदीदाराला ठरलेल्या भावाखाली मका देऊन मोकळा होतो.

म्हणून सगळा माल एकाच दारी नेऊ नका. देणी भागतील एवढीच तूर आधी विका, तीही दोन-तीन ठिकाणी भाव विचारून आणि पट्टी घेऊन. पीकपेरा, आधार, बँकेचे पासबुक तयार ठेवून केंद्रावर नोंदणी मुदतीतच करा. माल घरीच चाळून, उन्हात वाळवून न्या; परत आलेल्या गाडीचे भाडे आपल्यालाच पडते.

उरलेल्या मालासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. आपली समिती ही योजना राबविते का, हे सचिवांना काढणीपूर्वीच विचारा. खळ्यावर माल पडल्यावर विचारायला गेलात तर उशीर झालेला असतो.