चंद्राची साक्ष



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज पाणीगेटला जमलो आहोत, त्या गुरुजींनी १९६४ साली आम्हां मुलांना वर्तमानपत्रातील एक बातमी वाचून दाखविली होती. कोल्हापुरात जन्मलेल्या पंचवीस वर्षांच्या जयंत नारळीकरांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला होता. वाचताना गुरुजींचा कंठ दाटून आला. पुढे त्या सिद्धान्ताचे काय झाले, हे मात्र आम्हांला कोणी सांगितले नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर निवर्तले, तेव्हा तो प्रश्न पुन्हा जागा झाला. मी भाषेचा माणूस. गणिताचा अधिकार मला नाही. जे समजले तेवढेच सांगतो.

धावती बस एकाएकी थांबली की आपण पुढे झुकतो. हे जडत्व आपल्या अंगचे नसून विश्वातील यच्चयावत् वस्तूंमुळे आपल्याला लाभते, हा माख यांचा विचार या सिद्धान्ताच्या मुळाशी आहे. वस्तूचे वस्तुमान म्हणजे जणू तिच्या गोतावळ्याचे देणे! १९६४च्या मांडणीतून सूर्यमालेपुरती आइन्स्टाइनचीच उत्तरे निघत. बुधाच्या कक्षेतील, शतकाला ४३ विकलांचा तो प्रसिद्ध फरकही तसाच. त्यामुळे तेथे दोघांत निवाडा करता येईना.

सत्तरीच्या आरंभी दोघांनी पुढचे पाऊल टाकले. गुरुत्वाकर्षण काळाबरोबर क्षीण होत असावे, वर्षाला सुमारे एक हजार कोटींत एक भाग, असे या नव्या रूपातून निघत होते. डिरॅक यांनीही १९३७ साली असेच काही सुचविले होते. आता मात्र सिद्धान्ताने आपली मान मोजपट्टीखाली दिली.

ओढ सैल झाली तर चंद्र दूर सरकणार. किती? हिशेब केला तर वर्षाला जेमतेम चार सेंटिमीटर. १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर आरसे ठेवले होते. पृथ्वीवरून सोडलेला लेसरकिरण त्यांवरून अडीच सेकंदांत परततो आणि अंतर कळते. चंद्र खरोखरच दूर जातो आहे, वर्षाला ३.८ सेंटिमीटर! गुरुजी असते तर टाळी वाजवली असती. पण थांबा. भरती-ओहोटीमुळेही चंद्र दूर सरकतो, पृथ्वीचे फिरणे मंदावते आणि तो हिशेब जवळजवळ एवढाच येतो. एकाच घटनेचे दोन दावेदार. त्यांना वेगळे करायचे तर अंतराबरोबर चंद्राची गती किती घटते हेही पाहावे लागते, कारण दोन्ही कारणांत ते प्रमाण निराळे आहे.

दुसरा साक्षीदार मंगळ. पृथ्वी आणि मंगळ यांच्यातील अंतराला भरती-ओहोटीची बाधा नाही. १९७६ साली तेथे उतरलेल्या व्हायकिंग यानांशी रेडिओलहरींची देवाणघेवाण करून हे अंतर काही मीटरपर्यंत अचूक मोजले गेले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात अपेक्षेच्या दहाव्या हिश्शाएवढाही बदल आढळला नाही. पुढे चंद्राच्या मोजमापांनी ती मर्यादा दहा लाख कोटींत एक भाग इतकी खाली आणली. क्षीण होणारे गुरुत्वाकर्षण, निदान त्या मापाचे, टिकले नाही.

हे सांगताना मला थोडे जड जाते, हे कबूल करतो. आपला माणूस! १९६५ साली पद्मभूषण मिळालेला, मराठीत विज्ञानकथा लिहिणारा, २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष. पण जो सिद्धान्त आकडा सांगतो, त्यालाच असे तपासता येते. दोघांनी आकडा सांगितला होता. ज्यांच्यावरून तो तपासला गेला, त्या चंद्रावरच्या आरशांना वीज लागत नाही. आजही ते किरण परत पाठवतात आणि मोजणी चालूच आहे.