साठवणीचे पाणी आणि घरातले लेकरू

पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे भूगर्भातील पाणीच क्षारांमुळे खारट झाले आहे अशा प्रदेशात, पाण्याची पारख पिढ्यान्‌पिढ्या जिभेने होत आली आहे. गोड लागेल ते पाणी चांगले आणि मचूळ लागेल ते वाईट, ही ती कसोटी. क्षारांपुरती ती खोटी नाही. परंतु लहान मुलांना आजारी पाडणाऱ्या जंतूंना चव नसते, वास नसतो आणि रंगही नसतो, त्यामुळे मोठ्यांची जीभ ज्या पाण्याला निर्वाळा देते, तेच पाणी वर्षाच्या आतील लेकराला दवाखान्यात नेऊ शकते. मेळघाटच्या डोंगरातील पाणी खारट नाही; तरीही जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत उघड्या विहिरीच्या दूषित पाण्यामुळे अतिसाराची साथ पसरली आणि तीत काही जण दगावले.

वऱ्हाडात दररोज ठरल्या वेळी नळ येईल, याची खात्री फार थोड्या घरांना आहे. अकोला शहर काटेपूर्णा धरणावर आणि अमरावती शहर ऊर्ध्व वर्धा धरणावर अवलंबून आहे, वान प्रकल्पाचे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडील खेड्यांना जाते. तथापि दोन नळांमधले दिवस निघतात ते रांजण, गुंड आणि ड्रम यांतील साठ्यावरच. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून मिसळलेल्या क्लोरीनचा काही अंश घरी पोहोचेपर्यंत शिल्लक राहावा अशी योजना असते, आणि या शिल्लक अंशाला ‘अवशिष्ट क्लोरीन’ म्हणतात. परंतु साठवलेल्या पाण्यातून तो हळूहळू नाहीसा होतो, आणि त्यानंतर गुंडात गडवा बुडवणाऱ्या प्रत्येक हाताबरोबर जे काही पाण्यात उतरेल त्याला आडकाठी राहत नाही. खारपाणपट्ट्यात आता घरोघर येणाऱ्या ‘आरओ’च्या कॅनची गोष्टही निराळी नाही. त्या यंत्राने क्षार निघून जातात, पाणी गोड होते. मात्र त्यात अवशिष्ट क्लोरीन नसल्याने, कॅन नीट धुतलेला नसेल किंवा त्यात पेला बुडवला जात असेल, तर गोडव्यापलीकडे त्या पाण्याची हमी देता येत नाही.

म्हणून घरातील पहिला बंदोबस्त फिनाइलचा किंवा सुगंधी साबणांचा नसून भांड्याचा आहे. पिण्याच्या पाण्याचे भांडे तोंड झाकलेले आणि तोटीचे असावे, तोटी नसल्यास लांब दांड्याचे ओगराळे वापरावे, आणि मुलांसाठीचे पाणी खळखळून उकळून, ज्या भांड्यात उकळले त्याच भांड्यात झाकून थंड करावे. आशाताईंकडे मेडिक्लोर, म्हणजे पाण्यात ठराविक मात्रेत टाकावयाचे क्लोरीनयुक्त द्रावण मिळत असल्यास, बाटलीवर सांगितलेली मात्रा आणि थांबण्याचा वेळ पाळून ते वापरता येते; थेंब अंदाजाने टाकणे मात्र निरुपयोगी आहे.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला तर पाणीच द्यावयाचे नसते, कारण आईच्या दुधात त्याला लागणारे पाणी, वैशाखातल्या अकोल्याच्या उन्हातही, पुरेसे असते. आजीच्या मायेने सहाणेवर उगाळून दिली जाणारी बाळघुटी येथेच अडचणीची ठरते: सहाण क्वचितच उकळत्या पाण्याने धुतली जाते, उगाळण्यासाठी साधेच पाणी घेतले जाते आणि चाटवणारे बोट नुकतेच काय हाताळून आले आहे हे कोणी पाहत नाही. आजीचा हेतू निर्मळ असतो, हे मान्य करूनही ही प्रथा सोडणेच इष्ट आहे. दूध पिणाऱ्या लेकराची विष्ठा निरुपद्रवी असते, हा समजही तसाच चुकीचा आहे, कारण अतिसाराचे जंतू तिच्यातही मोठ्यांच्या विष्ठेइतकेच असू शकतात. ती अंगणात किंवा नालीत न टाकता संडासात टाकावी आणि नंतर, तसेच बाळाला भरवण्यापूर्वी, हात साबणाने धुवावेत. ज्या अमरावती जिल्ह्यात 1876 साली गाडगेबाबांचा जन्म झाला, तेथे झाडूचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. तथापि झाडू अंगणापर्यंत पोहोचतो, न्हाणीत पडलेल्या लंगोटापर्यंत नेहमीच पोहोचत नाही.

उन्हाळा सरल्यावर आणखी एक साठा विसरला जातो. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर पावसाळा लागताच बंद होतो, पण त्याच्या टाकीत राहिलेल्या पाण्यालगत डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडता डास होण्यास सुमारे आठवडा पुरतो. म्हणूनच आठवड्यातून एकदा सर्व साठे रिकामे करून, घासून, कोरडे ठेवण्याचा ‘कोरडा दिवस’ सांगितला जातो. घासणे यात महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

इतके करूनही जुलाब लागले, तर जंतूंपेक्षा शरीरातील पाणी आणि क्षार कमी होणे, म्हणजे निर्जलीकरण, हेच बाळाच्या जिवावर बेतते. 1971 साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे ठराविक प्रमाणातील पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आणले, आणि आजची ओआरएसची पुडी त्याच तत्त्वावर बनते. मोठी पुडी पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदमच मिसळावी. ती पेलाभर पाण्यात घोळून दिली तर क्षारांचे प्रमाण वाढून अपाय होतो. आईचे दूध थांबवू नये. डोळे किंवा टाळू खोल गेली, बाळ सुस्त पडले, पिईनासे झाले किंवा शौचातून रक्त पडले, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे आणि वाटेतही चमचा-चमचा ओआरएस पाजत राहावे.