अभनपूरच्या घरातील मराठी

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘माझ्या सवयी आणि माझ्या आवडी’ असा विषय दिला, तेव्हा खत-बियाण्यांचे दुकान चालविणाऱ्या माणसाच्या सवयी ऐकण्यात कोणाला रस असणार, अशी शंका मी बोलून दाखवली. त्यावर, शाळेने लावलेल्या सवयींपैकी कोणत्या टिकल्या तेवढे सांगा, असे मला सुचविण्यात आले. तेवढे मी सांगू शकेन.

मी अभनपूरचा. छत्तीसगडात, रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. १९०० साली बंगाल-नागपूर रेल्वेने या बाजूला अडीच फुटी रुळांची छोटी गाडी सुरू केली, आणि राजिमकडे जाणारा फाटा आमच्याच गावातून फुटला. माझे आजोबा त्या रेल्वेच्या नोकरीसाठी भंडारा जिल्ह्यातून तिकडे गेले व तिकडचेच झाले. त्या काळी हे स्थलांतर मुळीच वाटत नसे. राजधानी नागपूरच होती, आणि त्याही आधी बिंबाजी भोसले रतनपूरला राहून छत्तीसगडचा कारभार पाहत असत. आमच्याकडे दसऱ्याला सोने वाटण्याची चाल त्यांनीच रुजविली असे सांगतात. पुढे १९५६ साली मध्य प्रदेश झाला, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचे घर जागचे न हलता परप्रांतात जाऊन बसले.

बाबांचे शिक्षण हिंदीतून झाले होते. ते घरात मराठी बोलत, पण पत्र लिहू लागले की हिंदी शब्द मध्ये येत. एकदा त्यांनी मला नागपूरला लिहिले, ‘तुझी शिक्षा कशी चालली आहे?’ काकूंनी ते पत्र मोठ्याने वाचले आणि घरभर हशा पिकला. हिंदीतील शिक्षा म्हणजे मराठीतील शिक्षण, हे काकांना समजावून सांगताना मला त्या दिवशी दोन्ही भाषा एकदमच कळल्यासारखे वाटले.

मुलाने मराठीतून शिकावे हा हट्ट बाबांचाच. १९६७ साली, दहाव्या वर्षी, मी नागपूरला काकांकडे राहायला आलो आणि या शाळेत पाचवीत बसलो. अभनपूरहून छोट्या गाडीने रायपूर, तेथून मोठ्या गाडीने नागपूर, असा तो प्रवास. वाफेच्या इंजिनाचे कोळशाचे कण डोळ्यांत जात. डोंगरगड मागे पडले की दरेकसाचा बोगदा येई. बोगद्याच्या अलीकडे हिंदी आणि पलीकडे मराठी, अशी मी माझ्यापुरती सीमारेषा आखून घेतली होती. भूगोलाच्या दृष्टीने ती फारशी चुकीची नव्हती.

आता सवयी. पहिली सवय पाढ्यांची. आमच्या गणिताच्या गुरुजींनी आम्हांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सारे म्हणवून घेतले. तोवर दशमान नाणी आली होती, किलो-लिटरही आले होते, आणि या पाढ्यांची परीक्षेत कोणी विचारपूस करीत नव्हते. तरी गुरुजींचा आग्रह सुटला नाही. १९७९ साली मी दुकान उघडले, तेव्हा त्या आग्रहाचा अर्थ कळला. शेतकऱ्याची जमीन पूर्णांकात नसते. सव्वा एकरासाठी धानाचे बियाणे हवे, एकरी तीस किलो टाकायचे, तर तीस सवाय साडेसदतीस, हे तोंडातून निघेपर्यंत नातवाला गणकयंत्र सापडलेले नसते. गिऱ्हाइकाशी मी छत्तीसगढीत बोलतो, पावती हिंदीत फाडतो. हिशोब मात्र मनात मराठीतच होतो. माणसाची भाषा कोणती हे ओळखायचे असेल तर त्याला मनातल्या मनात मोजायला सांगावे, असे माझे मत झाले आहे.

दुसरी सवय भिंतीवर दोन पंचांगे लावण्याची. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, आमच्याकडे पौर्णिमेला. म्हणून शुक्ल पक्षात आम्ही व शेजारी एकाच महिन्यात असतो, आणि कृष्ण पक्षात ते एक महिना पुढे निघून जातात. त्यांचा सावन आमच्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. आई दोन्हीकडचे सोमवार धरी, त्यामुळे तिचा श्रावण सहा आठवडे चाले. आमच्या आषाढ अमावास्येला ती घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडी, आणि त्याच दिवशी बाहेर हरेली असे : शेतकरी नांगर-कुदळी धुऊन त्यांची पूजा करीत, मुले बांबूच्या गेडीवर चढून चिखल तुडवीत हिंडत. पोळा मात्र दोघांचा एकाच दिवशी. नाव तेवढे पोरा. नागपूरला असताना मला आठवण येई ती गेडीची. इथल्या मित्रांना ती वस्तू काय हे समजावून सांगण्यात माझे पहिले वर्ष गेले.

आवडींविषयी फार बोलत नाही, कारण त्या बहुतेक जिभेच्या आहेत. नगरीचा दुबराज तांदूळ, त्यावर साधे वरण, तूप, लिंबू. उन्हाळ्यात बोरे-बासी, म्हणजे शिजवून पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा आणि हिरवी मिरची. श्रमिकांचे हे अन्न २०२२ साली छत्तीसगड शासनाने १ मे रोजी समारंभपूर्वक खाण्यास आरंभ केला. त्या दिवशी महाराष्ट्र दिनही असतो. आमच्या घरी त्या तारखेला सकाळी बासी आणि रात्री पुरणपोळी झालेली आहे. पोटाने काही तक्रार केली नाही.

श्रोतेहो, इथवर मी जे बोललो त्यावरून हा सारा व्यवहार फायद्याचाच झाला असे वाटेल. पालक मोठ्या संख्येने आले आहेत म्हणून पुढचे सांगतो.

मला पोहोचवायला आई कधी स्टेशनवर आली नाही. गाडीची शिटी घरी ऐकू येते, तेवढे पुरे, असे ती म्हणे. मी दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी जाई, पाठ केलेले उतारे तिला म्हणून दाखवी, ती कौतुकाने ऐके. तिच्या मनात काय होते हे विचारण्याची तेव्हा कोणाला गरज वाटली नाही, मलाही नाही. बाबा गेल्यावर, १९९४ च्या पावसाळ्यात, एका संध्याकाळी आम्ही दोघे ओसरीवर तांदूळ निवडीत बसलो होतो, तेव्हा मी विचारले, “आई, मला नागपूरला पाठवले ते तुला पटले होते का गं?”

तिने हातातले सूप खाली ठेवले नाही. म्हणाली, “आठवीत असताना जूनमध्ये तू गेलास तो बाळाच्या आवाजात. दिवाळीला आलास तो बाप्याच्या आवाजात. मधला आवाज मी ऐकलाच नाही.”

तक्रारीचा सूर त्यात नव्हता. तिने जमाखर्चातील एक रक्कम सांगितली, एवढेच. पण ती रक्कम बाबांच्या आणि माझ्या वहीत कुठे मांडलेलीच नव्हती.

माझ्या मुलीला मी दूर पाठवले नाही. त्या वेळी ती शाळेत जात होती आणि घरी तसा विचार चालला होता. त्या संध्याकाळनंतर तो थांबला. ती रायपुरात हिंदीतून शिकली. मराठी उत्तम बोलते, वाचते, लिहीत नाही. लिपी एकच असल्यामुळे वाचनाचे दार आपोआप उघडे राहते, लिहिण्याचे मात्र सरावाशिवाय उघडत नाही. तिची मुलगी इंग्रजी शाळेत आहे. आजोबांकडून ती सवायकी शिकते, ती गंमत म्हणून. बाबांचा निर्णय बरोबर की माझा, असे कोणी विचारले तर मी दोन्ही घरे दाखवीन आणि गप्प बसेन. ज्यांच्या घराजवळ मराठी शाळा आहे, पायी जाऊन मूल संध्याकाळी घरी परत येते, त्यांना हा प्रश्नच पडत नाही. ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे येथील पालकांनी एकदा अभनपूरहून पाहावे.

येणेही आता सोपे झाले आहे. छोटी गाडी बंद झाली, रायपूरपासून केंद्रीपर्यंत तिच्या रुळांच्या जागी रुंद रस्ता झाला. पण ३० मार्च २०२५ पासून मंदिर हसौदवरून अभनपूरला मोठ्या रुळांची मेमू धावते. तिची शिटी वेगळी आहे. माझ्या कानांना ती अजून सरावाची झालेली नाही.

शेवटची सवय रोजनिशीची. १९८४ पासून रोज रात्री दुकान बंद करून मी एक पान मराठीत लिहितो. पाऊस कधी पडला, कोणते बियाणे उगवले नाही, कोण आले-गेले. जेथे मराठी शब्द सुचला नाही तेथे छत्तीसगढी लिहून त्याखाली लाल रेघ मारली आहे. पहिल्या काही वह्यांत लाल रेघा कमी आहेत, अलीकडच्यांत पुष्कळ. मुख्याध्यापिकाबाईंनी या वह्या शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्या असे सुचविले आहे. पहिल्या अकरा मी आज सोबत आणल्या आहेत आणि त्या त्यांच्या स्वाधीन करतो. उरलेल्या तूर्त देता येणार नाहीत. पेरणीच्या दिवसांत, मागच्या साली पाऊस कोणत्या तारखेला लागला होता हे विचारायला शेतकरी येतात, आणि मला त्या उघडून पाहाव्या लागतात.